विश्रांतीपासून चालण्यापर्यंत : न जुमानणाऱ्या रक्तदाबाचा इतिहास, धानोऱ्यातून पाहिलेला

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की हा तर डॉक्टरांचा विषय, इतिहासवाल्यांचं इथे काय काम. पण रक्तदाबाच्या रुग्णाला आज डॉक्टर सहज सांगतात, "रोज चाला हो थोडं." हे वाक्य फार जुनं नाही. शंभर वर्षांपूर्वी त्याच रुग्णाला त्याच्या नेमकं उलट सांगितलं जात होतं. एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात वैद्यकाने हे वळण घेतलं. ते कसं घेतलं, कुणाच्या शरीरांवरून शिकून घेतलं आणि ते शिकलेलं गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आणलं तर त्याचं काय होतं, एवढंच आज आपल्याला बघायचं आहे.

धानोराच का, ते आधी सांगतो. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की वाटेत चातगाव लागतं आणि तिथे शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं ठिकाण, मां दंतेश्वरी दवाखान्याचं ठिकाण. या संस्थेने न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश्वर कालकोंडे यांच्या पुढाकाराने एक अभ्यास केला. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत जिल्ह्यातल्या ८६ गावांत, सुमारे ९४ हजार लोकवस्तीत, जेवढे म्हणून मृत्यू झाले त्या प्रत्येकाचं कारण शोधलं. एकूण मृत्यू १५९९. त्यातले २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने. आपल्याकडे ज्याला लकवा म्हणतात त्याने. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण तेच निघालं. मलेरिया नाही, क्षयरोग नाही, साप नाही. आणि लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक माणसं घरीच गेली, दवाखान्यात नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात छापून आला.

आता लकव्याचं सगळ्यात मोठं कारण जगभर एकच आहे, वाढलेला रक्तदाब. म्हणजे जिथे माणसं काटक, जिथे पोट सुटलेला माणूस शोधावा लागतो, जिथे मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटे अंधारात घर सोडतात, तिथे हा शहरी समजला जाणारा आजार पहिल्या नंबरावर बसलेला आहे. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ मध्ये देशभरच्या आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला, त्यातही दर चार प्रौढांमागे एकाला उच्च रक्तदाब असल्याचं नोंदलं आहे. तेव्हा "चाला" हा सल्ला इथे कुणाला द्यायचा? जो आधीच चालतोय त्याला? प्रश्न इथून सुरू होतो.

थोडं मागे जाऊ. रक्तदाब मोजता येतो हे कळून पुष्कळ दिवस झाले. इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्ये घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढतं ते पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. पण माणसाच्या दंडाला पट्टा बांधून पारा चढवायची सोय केली ती इटलीच्या रिव्हा-रोची यांनी, १८९६ मध्ये. आणि नळी कानाला लावून वरचा-खालचा आकडा काढायची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांची, १९०५ ची. आज आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर जे करतात, ते मुळात तेच.

गंमत अशी की आकडा कळला, पण त्याचं करायचं काय ते कळेना. अनेक मोठ्या डॉक्टरांचं मत होतं की वय झालं, धमन्या कडक झाल्या, तर रक्त पुढे ढकलायला शरीराला जास्त दाबाची गरजच असते. तो उतरवायला जाऊ नये.  मग उपचार काय? विश्रांती. अंथरुणावर पडून राहा, काळजी करू नका, माणसं भेटू देऊ नका, मीठ कमी खा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० नोंदवला गेला होता. जगातल्या सर्वांत बलवान देशाच्या प्रमुखाजवळही तेव्हा द्यायला धड औषध नव्हतं, हे लक्षात घ्या.

आपल्या विदर्भातला रुग्ण त्याहून नामांकित. डिसेंबर १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याला असताना त्यांचा रक्तदाब एकदम चढला. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि जवळजवळ दोन महिने लिहिणं-बोलणं बंद झालं. त्यानंतर ३० एप्रिल १९३६ ला हे गृहस्थ वर्ध्याहून शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले ते कसे? पायी. वय ६६. पुढे १९३७ मध्ये पुन्हा दाब चढला, पुन्हा विश्रांती, या वेळी जुहूच्या समुद्रकाठी. २०१९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने गांधी आणि आरोग्य या विषयावर जो अंक काढला, त्यात त्यांच्या नोंदी छापल्या आहेत : १९३७ मध्ये १९४/१३०, १९४० मध्ये २२०/११०. त्याच अंकात असंही आहे की ते दिवसाला सुमारे १८ किलोमीटर चालत, आणि हे चाळीसेक वर्षं. वजन ४७ किलोच्या आतबाहेर.

जरा थांबून बघा. शाकाहारी, सडपातळ, तंबाखू-दारू काही नाही, रोज १८ किलोमीटर चाल. आणि दाब २२०. "चाललं की बीपी जातं" असं छातीठोक सांगणाऱ्यांसाठी आमच्याकडे हे एक उदाहरण कायम तयार असतं. अर्थात चालणं नसतं तर काय झालं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही. लकव्याने ते गेले नाहीत, एवढं मात्र खरं. पण एकटं चालणं पुरत नाही, हे सेवाग्रामच्या त्या आकड्यांतून दिसतं आणि धानोऱ्याच्या गावांतूनही दिसतं.

औषधाचा धागाही आपल्याच मातीतून जातो, म्हणून सांगतो. सर्पगंधा नावाची वनस्पती आपल्या पानझडी जंगलांत उगवते. वैद्य-वैदू ती वेड्यासाठी, झोपेसाठी, सापाच्या विषासाठी वापरत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असं लिहिलं, पण बाहेरच्या जगाने फारसं मनावर घेतलं नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचा आपला अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि मग जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या कंपनीने त्या मुळातलं द्रव्य वेगळं काढलं, ते रेसर्पिन. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर जी चाचणी झाली, १४३ माणसं, खालचा दाब ११५ ते १२९, त्यात दिलेल्या तीन औषधांपैकी एक हे रेसर्पिन होतं. दाब उतरवला की माणसं वाचतात, हे पहिल्यांदा निर्विवाद दाखवलं ते या चाचणीने. उतरवू नये म्हणणाऱ्यांचं युग तिथे संपलं. (आणि हो, हे ऐकून कुणी जंगलातून मूळ आणून उगाळू नका. रेसर्पिनने मन खचतं, माणूस उदास होतो, हेही त्याच काळात कळलं. म्हणून ते मागे पडलं.)

आता व्यायामाकडे. मराठी मुलखात व्यायाम म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? तालीम, जोर-बैठका, मल्लखांब. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत नेला, अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं. बळ कमवायचा व्यायाम. चालणं या हिशेबात नव्हतंच. चालणं म्हणजे काम, किंवा गाडीभाडं परवडत नाही त्याची गरज. 'फिरायला जाणं' ही पेन्शनरांची चैन. सुश्रुताने मात्र एक शहाणपणाची खूण सांगून ठेवली आहे : व्यायाम अर्ध्या बळानेच करावा, श्वास तोंडावाटे यायला लागला की समजा अर्धं बळ झालं, आता थांबा. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चालण्या-चढण्याचा हृदयाशी संबंध आकड्यांनी दाखवला तो लंडनच्या बसगाड्यांनी. जेरी मॉरिस यांनी तिथल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. मुंबईकरांना डबलडेकर सांगायला नको : ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. एकाच खात्याचे, एकाच थरातले लोक. १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि झालाच तर उशिरा. मॉरिस प्रामाणिक माणूस. १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांच्या मापांचा अभ्यास छापला आणि दाखवलं की ड्रायव्हर लोक मुळातच कंबरेने जाड होते. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. हे स्वतःच्याच निष्कर्षावर बोट ठेवणं आम्हाला मूळ शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

पुढची गोष्ट झटपट झाली. १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी 'एरोबिक्स' हा शब्द पुस्तकातून घरोघरी पोहोचवला. अर्थ साधा आहे : मोठे स्नायू एका लयीत बराच वेळ हलते राहतात आणि त्यांना लागणारा प्राणवायू श्वास-रक्त पुरवत राहतात, असा व्यायाम. भरभर चालणं, सायकल, पोहणं, नाच. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॉयर आणि कॅश यांनी रक्तदाबाच्या २३ पुरुषांना सहा महिने असा व्यायाम करायला लावला आणि दाब उतरल्याचं छापलं. संख्या लहान, पण अंथरुणावर पड म्हणणाऱ्या परंपरेला तो सरळ छेद होता.

हे घडतं कसं? व्यायाम करताना वरचा दाब चढतो, उतरत नाही. भीती वाटण्याचं कारण तेच होतं. पण थांबल्यावर काही तास तो आधीपेक्षा खाली राहतो, कारण स्नायूंमधल्या बारीक धमन्या सैल पडलेल्या असतात. हे रोज किंवा दिवसाआड झालं की धमन्यांच्या आतलं अस्तर त्यांना सैल करणारं द्रव्य जास्त बनवायला लागतं आणि शरीराला सतत ताणून धरणाऱ्या मज्जातंतूंचा जोर कमी होतो. नळ तोच, पाणी तेवढंच, पण पाइप मऊ झाला.

तरी एक गट उरला होता. ज्यांना तीन-तीन औषधं, त्यातलं एक लघवी वाढवणारं, पुऱ्या मात्रेत देऊनही दाब १४०/९० च्या खाली येत नाही. औषधांना न जुमानणारा रक्तदाब. ज्या धमन्या औषधाला ऐकत नाहीत त्या चालण्याला काय ऐकणार, असं मानलं जाई. २०१२ मध्ये बर्लिनच्या डिमेओ यांच्या गटाने असे ५० रुग्ण घेतले, अर्ध्यांना आठ ते बारा आठवडे ट्रेडमिलवर चालवलं. दिवसाचा वरचा दाब सरासरी ६ ने उतरला. २०२१ मध्ये पोर्तुगालमधून मोठ्या काळजीने केलेली चाचणी आली : ५३ रुग्ण, १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम. चोवीस तासांचा सरासरी वरचा दाब ७.१ ने आणि खालचा ५.१ ने कमी. त्याच वर्षी अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात १४० रुग्णांवर आहार आणि व्यायाम मिळून चार महिने प्रयोग झाला. दवाखान्यात मोजलेला वरचा दाब १२.५ ने उतरला, तर नुसता सल्ला दिलेल्यांचा ७.१ ने. सात-आठ अंक म्हणजे ऐकायला किरकोळ, पण ते जवळपास एका जादा औषधाएवढं काम आहे, आणि तेही जिथे औषधं थकली होती तिथे.

मात्र या तिन्ही प्रयोगांत एक गोष्ट सारखी आहे आणि ती बातम्यांत येत नाही. प्रत्येक रुग्णाच्या हातात गोळ्या होत्या. त्या गोळ्या चालूच होत्या, व्यायाम त्यांच्यावर भर म्हणून होता. आणि दाब पुनःपुन्हा, नीट मोजला जात होता. ही तिन्ही माणसं शहरांतली, बहुतेक बैठ्या आयुष्यातली.

आता परत धानोऱ्याला या. लेखा-मेंढ्याची किंवा मुरूमगावाकडची साठीची बाई समजा. तिचा दाब १८० लागला. तिला तीन औषधं पुऱ्या मात्रेत कधी मिळाली आहेत का? महिन्याची गोळी घेतली, संपली, पावसाळ्यात नाला भरला, दोन महिने खंड पडला, बरं वाटत होतं म्हणून मग सोडूनच दिली. ही गोष्ट कुणा एकीची नाही, सगळीकडे हेच ऐकू येतं. रक्तदाब दुखत नाही, हा त्याचा मोठा दगा. अशा रुग्णाच्या कागदावर "औषधाला दाद देत नाही" असं लिहिलं, तर ते खोटं आहे. दाद न देणारा आहे तो पुरवठा. वैद्यकात याला आभासी प्रतिकार म्हणतात. गोळी खरंच पोटात जाते का, पट्टा दंडाच्या मापाचा आहे का, पाच मिनिटं बसवून मोजलं का, की बाजारातून धापा टाकत आलेल्या बाईचं तसंच मोजलं, हे आधी तपासायचं. तिला "चालत जा" सांगणं आम्हाला थट्टा वाटते. ती चालतच आली आहे.

तिच्या दाबामागे काय असू शकतं? मीठ. १९८८ मध्ये 'इंटरसॉल्ट' नावाच्या अभ्यासात ३२ देशांतली दहा हजारांवर माणसं तपासली; त्यात ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक होते, जे मीठ जवळपास खातच नाहीत. त्यांचा सरासरी दाब ९६/६१, आणि वयाबरोबर तो वाढतही नाही. जंगल, कष्ट, चालणं हे आपल्याकडेही होतं. पण आपल्या जंगलात मीठ व्यापाऱ्याच्या बैलावरून फार आधी आलं. शेजारच्या बस्तरात चारोळीच्या बदल्यात मापाला माप मीठ देऊन केलेल्या लुटीच्या कहाण्या अजून सांगतात. मग तंबाखू. इथला खर्रा, सुपारी-तंबाखू-चुन्याचा, शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत तोंडात. आणि दारू. दारूबंदी जिल्ह्यात १९९३ पासून आहे, तरी २०१६ मध्ये दारू-तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' कार्यक्रम सुरू करावा लागला, यातच काय ते आलं.

याचा अर्थ धानोऱ्यात व्यायामाचं काम नाही असा नाही. गाव बदललं. रस्ता झाला, घरटी मोटारसायकल आली, धानोरा गावात शिक्षक, बाबू, दुकानदार, वनखात्यातले कर्मचारी दिवसभर बसून असतात. खुद्द अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ते ४४-४५ वर्षांचे होते, आणि आहार, व्यायाम, ध्यान यांचा स्वतःवरचा प्रयोग त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'मध्ये लिहिला. सेवाग्रामच्या आश्रमात वाढलेला माणूस, जंगलातल्या जिल्ह्यात राहणारा. म्हणजे पत्ता जंगलातला असला तरी शरीर बैठं असू शकतं. अशांना पोर्तुगालचा नुस्खा जसाच्या तसा लागू पडतो : गोळ्या चालू, आणि आठवड्यातून तीन ते पाच दिवस अर्धा-पाऊण तास भरभर चाल.

तेंदूपत्त्याच्या हंगामातलं चालणं आणि हे चालणं यात फरक काय, असं लोक विचारतात. मोळी डोक्यावर घेऊन, वाकून, ऊन्हात, पाणी न पिता थांबत-थांबत केलेलं काम आणि मोकळ्या हातांनी एका लयीत केलेली चाल ही शरीराला वेगळी लागतात. आणि तो हंगाम तरी किती दिवसांचा? लयीचं सांगायचं तर रेला नाच बघा. हातात हात, ढोलाच्या तालावर एकसारखी पावलं, तासन्‌तास. यापेक्षा चांगला एरोबिक व्यायाम आम्हाला सुचत नाही, फक्त तो लग्न-सणापुरता उरलाय.

गती किती ठेवायची? आजचे डॉक्टर सांगतात : बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सुश्रुताची अर्ध्या बळाची खूण याच्या अगदी जवळची आहे. घड्याळ, यंत्र काही लागत नाही. फक्त दाब १८०/११० च्या वर असेल तर आधी औषधाने खाली आणायचा, मग जोराची चाल. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं. आणि पहाटे फिरायला जा हे पुस्तकी वाक्य इथे सांगताना जपून. २०२१ पासून छत्तीसगडातून आलेल्या रानटी हत्तींचा कळप याच भागात फिरतोय, वाघ-अस्वल आहेतच. ऊन वर आल्यावर, गावातल्या गावात, रस्त्यावर, शाळेच्या पटांगणात चाललं तरी धमन्यांना तेवढंच पोचतं.

राहता राहिलं गोळ्यांचं. २०१७ मध्ये केंद्र सरकार, आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. पद्धत साधी : ठरलेली दोन-तीन औषधं ठरलेल्या क्रमाने, महिन्याचा साठा घराजवळच्या केंद्रात, आणि जो आला नाही त्याला शोधायला कुणीतरी जायचं. गांधींचा दाब ज्या वर्ध्यात चढला तिथेच हे आधी पोहोचलं. 'सर्च'नेही गावातल्याच माणसाला शिकवून घरोघरी दाब मोजण्याचा आणि औषध चालू ठेवण्याचा प्रयोग गडचिरोलीच्या गावांत केला आहे. धानोऱ्यातल्या त्या साठीच्या बाईला ट्रेडमिल नको आहे. तिला हवी ती नाला भरलेला असतानाही घरात असलेली तीन महिन्यांची गोळी, आणि दर महिन्याला येऊन दंडाला पट्टा बांधणारं ओळखीचं माणूस. एवढं झाल्यावरही तिचा दाब ऐकला नाही, तर मग चालण्याबद्दल तिच्याशी बोलू.